टेलपर्यंत रक्त पोचतंय का? रक्तवाहिन्यांच्या दहा भन्नाट गोष्टी

जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघून घनसावंगी तालुक्यातून पुढे परभणीकडे जातो. चारी गाळाने भरली की पहिला फटका कुणाला बसतो, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही: टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या रानाला. आपल्या शरीराचं टेल म्हणजे पावलं. हृदयापासून सगळ्यात लांब, म्हणून धमनी अरुंद झाली की बऱ्याचदा पायच आधी बोलतात. त्यांचं बोलणं ऐकून अडथळा काढणारे डॉक्टर म्हणजे व्हॅस्क्युलर सर्जन. त्यांच्या दुनियेतल्या या दहा गोष्टी.

१. बीपी पायाचंही मोजतात!
दंडाचं बीपी सगळ्यांना ठाऊक आहे. व्हॅस्क्युलर सर्जन घोट्याचंही मोजतो आणि त्याला दंडाच्या आकड्याने भागतो. निरोगी माणसात उत्तर एकच्या आसपास येतं. ०.९ किंवा त्याहून कमी आलं, तर पायाच्या धमनीत अडथळा असल्याचा संशय पक्का होतो. ना सुई, ना चिरा. मधुमेहात मात्र धमन्या कडक होऊन आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून तिथे अंगठ्याचंही बीपी बघतात.

२. अभ्यास ताऱ्यांचा, उपयोग पोटरीला
ख्रिश्चन डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये जोडताऱ्यांच्या रंगाबद्दल एक सिद्धांत मांडला. हलणाऱ्या वस्तूकडून येणाऱ्या लहरी बदलतात, हे त्याचं सार. आज त्याच तत्त्वावर डॉप्लर सोनोग्राफी चालते. रक्त कुठे वेगाने धावतंय, कुठे अडलंय, ते पडद्यावर दिसतं आणि कानाला ऐकूही येतं.

३. सर्जन गेला भरतकाम शिकायला
१८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांना ल्योन शहरात भोसकलं गेलं. पोटातली मोठी शीर कापली गेली होती, आणि ती शिवण्याची खात्रीची पद्धत तेव्हा नव्हती. ही गोष्ट अलेक्सिस कॅरेल या तरुण डॉक्टरच्या मनाला लागली. तो चक्क एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडे बारीक सुईचं काम शिकला. रक्तवाहिनी तीन टाक्यांनी ताणून शिवायची त्याची पद्धत जगभर गेली. १९१२ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

४. घरच्या शिलाई मशीनवर धमनी
अमेरिकन सर्जन मायकेल डिबेकी यांना लहानपणी आईने शिवण शिकवलं होतं. १९५० च्या दशकात ते कृत्रिम धमनीसाठी नायलॉन आणायला दुकानात गेले. नायलॉन संपलं होतं, म्हणून डॅक्रॉन हे दुसरं कापड घेतलं आणि बायकोच्या मशीनवर नळी शिवली. डॅक्रॉनच्या नळ्या आजही वापरात आहेत. २००५ च्या अखेरीस, वयाच्या ९७ व्या वर्षी, डिबेकींच्याच महाधमनीला चीर गेली. त्यांनीच घडवलेल्या शस्त्रक्रियेने ते वाचले आणि पुढे दोन वर्षं जगले.

५. गळ बांधायची गाठ कामी आली
पूर्वी धमनीत अडकलेली रक्ताची गुठळी काढायला लांबलचक चिरे द्यावे लागत. थॉमस फोगार्टी या वैद्यकीय विद्यार्थ्याने रबरी हातमोज्याचं बोट कापून बारीक नळीच्या टोकाला बांधलं. त्यासाठी मासेमारीत शिकलेली गाठ वापरली. नळी गुठळीच्या पलीकडे न्यायची, फुगा फुगवायचा आणि ओढून घ्यायचं. १९६१ पासून या युक्तीने असंख्य हातपाय वाचले आहेत.

६. आजीबाई म्हणाल्या, पाय कापू देणार नाही
१६ जानेवारी १९६४, अमेरिकेतलं पोर्टलंड. ८२ वर्षांच्या एका बाईंच्या पायाला गँगरीन झालेलं. डॉक्टर पाय काढायला सांगत होते, त्या ठाम नाही म्हणत होत्या. डॉ. चार्ल्स डॉटर यांनी मांडीच्या धमनीतून नळी घालून अरुंद भाग रुंद केला. पाय ऊबदार झाला, जखम भरली आणि बाई शेवटपर्यंत स्वतःच्या पायावर चालल्या. अँजिओप्लास्टीचा जन्म हृदयात नव्हे, पायात झाला.

७. गुरांच्या आजारातून माणसाचं औषध
अमेरिकेत खराब झालेला चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. १९३३ मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्ताचा डबा घेऊन हिमवादळात जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. त्या शोधातून रक्त गोठू न देणारं वॉरफरिन आलं. १९४८ मध्ये ते उंदीर मारायला विकलं गेलं, आणि १९५४ पासून माणसाच्या रक्ताच्या गुठळ्या रोखायला. मात्रा डॉक्टरनेच ठरवायची, ती याचसाठी.

८. विंचू, रक्तवाहिन्या आणि जालन्याचा सुपुत्र
लाल विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आवळल्या जातात, बीपी चढतं, हृदयावर ताण येतो आणि फुफ्फुसात पाणी भरतं. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावी जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात काम करताना यावर प्राझोसिन ही रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी वापरली. पूर्वी अत्यवस्थ रुग्णांपैकी अनेक दगावत, ते वाचू लागले. त्यांचं संशोधन 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या मातीतल्या डॉक्टरने जगाला दिलेली ही देणगी आहे.

९. विडी फुफ्फुसातच थांबत नाही
१९०८ मध्ये डॉ. लिओ बर्गर यांनी वर्णन केलेला एक आजार बहुतेक तरुण, तंबाखू ओढणाऱ्या पुरुषांना गाठतो. हातापायांच्या छोट्या रक्तवाहिन्या सुजून बंद होतात आणि बोटं काळी पडतात. खरा उपाय एकच: विडी, सिगारेट, तंबाखू पूर्ण बंद. 'दिवसाला एकच' हाही आकडा इथे चालत नाही.

१०. सहा तासांचं गणित
पाय अचानक थंड, पांढरा, बधिर पडला आणि जोरात दुखू लागला, तर धमनी एकाएकी बंद झालेली असू शकते. साधारण सहा तासांत रक्त सुरू झालं नाही तर स्नायू मरू लागतात. अशा वेळी पाय शेकू नका, चोळू नका. साप चावल्यावर दोरीने घट्ट आवळणंही याच कारणाने घातक आहे: रक्त बंद, अवयव धोक्यात.

चालताना ठरावीक अंतरावर पोटरी भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं, याला वय झालं म्हणून सोडून देऊ नका. साखरेचा त्रास असेल तर रोज रात्री तळपाय बघा, रानात अनवाणी जाऊ नका. धसकटाची जखम आठ दिवसांत भरत नसेल तर दवाखाना गाठा. पाय एकाएकी थंड पडला तर लगेच १०८ ला फोन करा. खर्चाची चिंता असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारा. आणि कुणी पाय काढायला सांगितलं, तर 'रक्तवाहिनीच्या डॉक्टरला एकदा दाखवू का?' हा प्रश्न जरूर करा. वेळेत विचारलेल्या या प्रश्नाने पाय वाचू शकतो.