चौथं कलम आणि सातवं कलम

थकलेल्या पोटगीच्या वसुलीवर आज लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यात. मधे मुरूडहून एका ताईंचं पत्र आलं आणि मला ते बाजूला ठेवता येईना.

मुलगा बारावी झाला, लोणेऱ्याला इंजिनिअरिंगला नंबर लागला. त्याच महिन्यात त्याला अठरा पूर्ण झाली आणि वडिलांकडून येणारे पैसे थांबले. ‘तो आता सज्ञान आहे,’ एवढंच उत्तर. ताई विचारतात, ‘मुलगी असती तर मिळाले असते का?’

मिळाले असते. हिंदू दत्तकग्रहण व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम २० प्रमाणे अविवाहित मुलीचं स्वतःच्या कमाईत भागत नसेल, तर अठरानंतरही तिला पोसण्याची जबाबदारी आईवडिलांवर राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. आणि या कायद्यात ‘निर्वाह’ म्हणजे फक्त अन्नवस्त्र नव्हे, शिक्षणही. मुलाच्या बाबतीत मात्र हाच कायदा अठराला थांबतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं १४४, तेही तिथेच थांबतं. अपवाद फक्त अपंगत्वामुळे स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या मुलाचा.

मला हे वर्षानुवर्षं खुपत आलं आहे. अठरावं वर्ष भरतं ते नेमकं कॉलेजची फी, होस्टेल, मेस हे सगळं एकदम अंगावर येतं तेव्हा. २०२१ मध्ये कर्नाटकातल्या एका सरकारी कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. चंद्रचूड आणि न्या. शाह यांनी हेच हेरलं. वडिलांनी दुसरं लग्न केलं होतं, त्या संसारातही मुलं होती. म्हणून महिन्याचे वीस हजार दहावर आणले, दरवर्षी हजाराची वाढ ठेवली. पण मुदत अठरापाशी न ठेवता मुलाची पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत नेली. आजच्या काळात पदवी ही किमान गरज आहे, असं त्यामागचं कारण. हा निकाल कोर्टापुढे जरूर ठेवावा. पण तो त्या प्रकरणापुरता दिलेला दिलासा आहे, त्यावर सगळी भिस्त ठेवू नये.

खरी भिस्त घटस्फोटाच्या कन्सेंट टर्म्सवर, म्हणजे दोघांच्या संमतीने ठरलेल्या अटींवर. त्या लिहिल्या जातात तेव्हा पोर बालवाडीत असतं, दोघांनाही एकदाचं मोकळं व्हायचं असतं, आणि टायपिस्ट जुन्या मसुद्यातलं ‘सज्ञान होईपर्यंत’ तसंच उतरवतो. माझ्याकडे येणाऱ्यांना मी ते शब्द खोडायला लावतो. तिथे ‘पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत’ लिहा. फी, होस्टेल, पुस्तकं वेगवेगळी मांडा. पावती दाखवल्यावर किती दिवसांत कोणी किती भरायचे तेही लिहा. आई कमावती असेल तर तिचा वाटाही लिहा, त्यात कमीपणा नाही.

ताईंनी पत्रासोबत हुकूमनाम्याची नक्कल जोडली आहे. ती मी दोनदा वाचली. चौथ्या कलमात महिन्याची रक्कम आहे, सज्ञान होईपर्यंत. सातव्यात म्हटलंय, ‘मुलाच्या शिक्षणाचा खर्च वडील करतील.’ तिथे वयाचा उल्लेखच नाही. ताई, चौथं संपलं, पण सातवं संपल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. फीच्या पावत्या जपून ठेवा आणि त्या कलमावर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावायला वकिलांना सांगा. दरखास्त कशी चालते, ते पुढच्या आठवड्यात वसुलीबरोबरच.