ड्रायव्हरचं सर्टिफिकेट संपलं? आधी टाइमस्टँप बघा

बिलिंग मशीनमधल्या प्रिंटर ड्रायव्हरचं सर्टिफिकेट संपलं म्हणून कुणी नवीन मशीन गळ्यात मारत असेल, तर थांबा. ड्रायव्हरच्या कॅट फाईलवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्स उघडा. टाइमस्टँप दिसतोय? मग सही झाली तेव्हा सर्टिफिकेट चालू होतं, याचा तो पुरावा. दुकानाचं लायसन्स पुढे संपलं म्हणून आधी फाडलेलं बिल खोटं ठरतं का? तसंच हे.

टाइमस्टँप नसेल तर मात्र मुदतीबरोबर सहीही गेली. मशीनमध्ये इमेज पुन्हा टाकताना विंडोज तो ड्रायव्हर नाकारू शकतं. कंपनीकडून नव्या सर्टिफिकेटने, टाइमस्टँपसकट सही केलेला ड्रायव्हर मागा आणि तो मास्टर इमेजमध्येच घालून घ्या. मशीनची तारीख मागे नेण्याचा जुगाड नको, बिलांवरच्या तारखा चुकतील!