पडद्यावरचे स्वयंपाकघर आणि आमची चूल

दूरचित्रवाणीवरील पाककृतींचे कार्यक्रम हा गंभीर विचाराचा विषय होऊ शकतो, हे आपल्या चळवळीतल्या अनेक मित्रांना पटत नाही. बायकांचा दुपारचा विरंगुळा, एवढीच त्यांची संभावना केली जाते. (बायका जे पाहतात ते गंभीर नसते, हा समज आपल्यातही किती घट्ट आहे, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.) मी हे कार्यक्रम अनेक वर्षे नेमाने पाहत आलो आहे. आवडीने पाहतो आणि चिडतोही.

१९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले आणि वाटी-चमच्याचे प्रमाण मराठी पांढरपेशा घरात रुजले. सासर-माहेरापासून तुटून शहरात संसार थाटणाऱ्या मुलीला त्याचा आधार झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. पुढे १९९३ साली झी टीव्हीवर संजीव कपूर यांचा ‘खाना खजाना’ सुरू झाला आणि छापील पाककृतीला चेहरा व आवाज मिळाला. पण वाटीने मोजायचे तर आधी डब्यात काहीतरी असावे लागते. ओळीने मांडलेल्या बरण्या, नळाचे वाहते पाणी, हात लावताच पेटणारा गॅस ही या कार्यक्रमाची गृहीते आहेत. ‘चवीपुरते मीठ’ हा शब्दप्रयोग ज्या घरात जन्मला त्या घरात मीठ मागून आणावे लागत नसे. गावकुसाबाहेरच्या घरात प्रश्न चवीचा नव्हता, पुरवठ्याचा होता. पाच माणसांचे कालवण आठ माणसांना पुरवण्यासाठी त्यात पाणी किती वाढवायचे आणि तरी ते पाणचट लागू नये म्हणून काय करायचे, हे तिथल्या बाईचे शास्त्र. मराठवाड्यात भाजलेल्या धान्याचे, मसाला घातलेले येसर असते. ते सर्व जातींत आहे, पण पातळ रश्शाला दाटपणा आणण्याचे त्याचे मोल आमच्याकडे जितके कळते तितके भरल्या घरात कळणार नाही.

आमची आई असा एक कार्यक्रम पाहत होती. पडद्यावरच्या बाईने एका भाजीसाठी नऊ वाट्या मांडल्या होत्या. आई एवढेच म्हणाली, “आरं, ही भांडी मागं घासतंय कोण?” पाककृतीच्या कार्यक्रमांवर इतकी नेमकी टीका मी कुठे वाचलेली नाही. त्या पडद्यावर सरपण आणणारी, पाणी भरणारी, खरकटे काढणारी व्यक्ती कधीच दिसत नाही. श्रमाची विभागणी तिथे संकलनाच्या टेबलावरच होते.

आणि हात? ‘आईच्या हाताची चव’ हे या कार्यक्रमांचे लाडके वाक्य. हात कोणाचा, हा मात्र आपल्या समाजातला जुना आणि जिवंत प्रश्न आहे. २०१७ साली पुण्यात एका उच्चशिक्षित बाईंनी, स्वयंपाकाला येणाऱ्या बाईने जात लपवून सोवळ्यातला स्वयंपाक केला, अशी पोलिसात तक्रार दिली. ती स्वयंपाकीण दलितही नव्हती. ब्राह्मण नसणे एवढाच तिचा गुन्हा! डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात सवर्ण मुलांनी दलित भोजनमातेच्या हातचे जेवण नाकारले, तेव्हा कामावरून काढले गेले ते तिलाच. गाजावाजा झाल्यावर तिला परत घेतले. पदार्थ तोच, शिधा सरकारी, कृती ठरलेली. तरीही चव बाटली. पडद्यावरची पाककृती जातीविना तरंगत असल्यासारखी दिसते, ती ताटात उतरताच तिला जात येते.

२०१५ साली ‘मास्टरशेफ इंडिया’चे चौथे पर्व संपूर्ण शाकाहारी झाले. त्याच वर्षी महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी संरक्षण कायद्यातील दुरुस्ती अमलात आली आणि गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी कट होता असे मी म्हणत नाही. परंतु ‘भारतीय ताट’ म्हणजे काय, हे एकाच वर्षी दोन ठिकाणी कोणी ठरवले, ते पाहण्यासारखे आहे.

त्या ताटात चान्या कधीच नव्हत्या. मांसाच्या लांब पट्ट्या कापायच्या, जमल्यास मीठ-हळद लावायची, दोरीवर उन्हात कडक वाळवायच्या आणि गाडग्यात भरून ठेवायच्या. काम नसलेल्या दिवसांत निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर खायच्या किंवा कालवणात टाकायच्या. वजडी गरम पाण्याने पुन्हा पुन्हा खरवडून साफ करायची. रक्ती गोठवून, उकडून, कापून कांदा-मिरचीत परतायची. यात कौशल्य आहे, टिकवण्याचे तंत्र आहे. लंडनमध्ये फर्गस हेंडरसन यांनी १९९४ साली ‘सेंट जॉन’ नावाचे उपाहारगृह काढले आणि जनावराचा कोणताच भाग वाया घालवायचा नाही या तत्त्वासाठी जगभर नाव मिळवले. आमच्या आज्यांनी तेच केले तर त्याला घाण म्हटले गेले.

इथे काही कार्यकर्ते आक्षेप घेतील आणि तो रास्त आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस आणि शिळेपाके तुकडे सोडा असे सांगितले. जे सोडून आपण माणूस म्हणून उभे राहिलो, त्याच्याच पाककृती आता मिरवायच्या काय? माझे उत्तर असे आहे : बाबासाहेबांनी सोडायला सांगितले ते लाचारीचे अन्न. विकत आणून, आपल्या मर्जीने शिजवलेले मांस ही निराळी गोष्ट आहे. पण पडद्याला हा फरक दाखवता येत नाही, कारण त्याला पदार्थ हवा असतो, इतिहास नको असतो. चान्यांचे ‘विस्मृतीत गेलेली गावरान चव’ असे शीर्षक झाले की पडलेले ढोर ओढण्याची सक्ती त्यातून गळून पडते. म्हणून मौन आणि मिरवणे या दोहोंनाही माझा विरोध आहे.

शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) मला यासाठीच महत्त्वाचे वाटते. मराठवाड्यातील महार-मांगांच्या खाण्याची ती नोंद कृतीबरोबर भूकही सांगते. भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये आला. त्याआधी पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलितांच्या अन्नस्मृतींवर इंग्रजीत काम केले आहे.

आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात चित्रण करणारा फोन आहे. चुलीपुढे बसलेल्या म्हाताऱ्या अजून आहेत. १९७२ च्या दुष्काळातली सुकडी आणि लाल मिलोची भाकरी त्यांना आठवते. त्यांच्याकडे जावे. मांस कोठून आले, वाटा कोणी किती दिला, सरपण कोणी आणले, शेवटी कोण जेवले, हे कृतीआधी विचारावे. प्रमाण विचारले तर म्हातारी वाटी-चमचा सांगणार नाही, जेवायला किती माणसे होती ते सांगेल. तो आकडा तसाच लिहून घ्यावा.