प्रतिपालक कुटुंबांचे गट-प्रशिक्षण

प्रतिपालक कुटुंबांचे गट-प्रशिक्षण म्हणजे जन्मदात्या कुटुंबापासून दुरावलेल्या मुलांना आपल्या घरी सांभाळणाऱ्या व्यक्तींना एकत्र आणून दिले जाणारे मार्गदर्शन व परस्पर आधार होय. प्रतिपालकत्व दत्तकविधानाहून भिन्न आहे. दत्तकविधानात मूल कायद्याने नव्या कुटुंबाचे होते. प्रतिपालकत्वात सांभाळ ठरावीक काळापुरता असतो आणि मूल जन्मदात्यांकडे परतण्याची शक्यता कायम असते. जीव लावायचा, पण हक्क सांगायचा नाही, या अवघड भूमिकेसाठी प्रतिपालकांची तयारी करून घेणे हा या प्रशिक्षणाचा हेतू असतो.

कायदेशीर चौकट

भारतात प्रतिपालकत्वाची तरतूद बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ मध्ये आहे. बाल कल्याण समितीच्या आदेशाने मूल प्रतिपालक कुटुंबाकडे सोपवले जाते. समितीत एक अध्यक्ष व चार सदस्य असतात. भावंडांना शक्यतो एकाच कुटुंबात ठेवावे, समितीने दरमहा पाहणी करावी आणि मुलाचे शिक्षण, आरोग्य व पोषण यांची जबाबदारी कुटुंबाने घ्यावी, असे हे कलम सांगते. कुटुंबाची निवड, मासिक साहाय्य व पाहणी यांचा त्यात उल्लेख आहे. प्रतिपालकांच्या प्रशिक्षणाचा मात्र नाही. २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार अविवाहित, विधवा वा घटस्फोटित व्यक्तींनाही प्रतिपालक होता येते. मात्र एकट्या पुरुषाकडे मुलगी सोपवता येत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ साली स्वीकारलेली पर्यायी संगोपनविषयक मार्गदर्शक तत्त्वे याहून पुढे जातात. मूल घरी येण्यापूर्वी, ते असताना व ते गेल्यानंतरही प्रतिपालकांना तयारी, आधार व समुपदेशन मिळावे, तसेच त्यांच्या संघटनांना प्रोत्साहन द्यावे, अशी शिफारस त्यांत आहे.

स्वरूप

अशा गटांत साधारणतः सात ते बारा प्रतिपालक ठरावीक आठवडे भेटतात. अमेरिकेतील ओरेगन येथे विकसित झालेल्या ‘कीप’ या कार्यक्रमात प्रत्येकी दीड तासाच्या सोळा साप्ताहिक बैठका असतात. लंडनमध्ये तयार झालेल्या ‘फॉस्टरिंग चेंजेस’मध्ये बारा. उपेक्षा वा हिंसा सोसलेले मूल अन्न लपवून ठेवते, खोटे बोलते किंवा मायेने जवळ घेताच अंग चोरते, तेव्हा त्यामागील भीती ओळखणे. शिक्षेऐवजी चांगल्या वागणुकीची दखल घेणे. जन्मदात्यांच्या भेटीनंतर होणारी चलबिचल हाताळणे. आणि निरोपाच्या क्षणाची तयारी करणे, हे नेहमीचे विषय होत. आठवडाभरात घरी करून पाहिलेल्या उपायांची चर्चा पुढील बैठकीत होते. आपल्यासारखीच अडचण इतरांनाही आली आहे, हे कळल्याने अपराधभाव ओसरतो.

परिणामकारकता

संशोधनाचे निष्कर्ष संमिश्र आहेत. सॅन दिएगो येथील सातशे कुटुंबांच्या अभ्यासात ‘कीप’मुळे मुलांच्या वर्तनसमस्या घटल्याचे आढळले. वेल्समधील ‘फॉस्टरिंग चेंजेस’च्या चाचणीत मात्र वर्षअखेरीस प्रतिपालकांच्या आत्मविश्वासात ठोस फरक दिसला नाही. म्हणून एकदाच दिलेल्या प्रशिक्षणापेक्षा सातत्याने मिळणाऱ्या आधारावर अनेक तज्ज्ञ भर देतात.

महाराष्ट्र व पालघर जिल्हा

महाराष्ट्रात ‘क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजने’तून प्रत्येक पात्र मुलासाठी दरमहा २,२५० रुपये दिले जातात. ‘मिशन वात्सल्य’ या केंद्रीय योजनेत प्रतिपालकत्वासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. व्यवहारात आजी-आजोबा, मामा-मावशी, काका-आत्या हेच अनेकदा मूल सांभाळतात. नातलग असल्याने त्यांना शिकण्याची गरज नाही असे गृहीत धरले जाते. परंतु वृद्धापकाळी पुन्हा लहान मूल वाढवणाऱ्या आजीलाही आधाराची तितकीच निकड असते.

वसई तालुक्यातील भुईगाव हे गाव १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. त्यापूर्वी ते ठाणे जिल्ह्यात होते. २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांपूर्वी येथील इच्छुक कुटुंबाला जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अर्ज करावा लागत असे. वसईच्या किनारपट्टीत सामवेदी, वाडवळी यांसारख्या बोली बोलल्या जातात, तर जिल्ह्याच्या डोंगराळ भागात वारली व अन्य आदिवासी बोली. घरातील बोली, अन्न व सणवार मुलाला अनोळखी असतील तर दुरावा वाढतो. त्यामुळे अशा जिल्ह्यात मुलाची भाषा व श्रद्धा यांचा मान राखणे, हाही प्रशिक्षणाचा महत्त्वाचा विषय ठरतो.