दमा आणि पूर्ण भूल

पूर्ण भूल दिल्याने फुप्फुसांची नैसर्गिक संरक्षणव्यवस्था काही काळ मंदावते. दम्याच्या रुग्णांमध्ये ही व्यवस्था आधीच बिघडलेली असल्याने हा परिणाम त्यांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा ठरतो. मात्र दमा आटोक्यात असल्यास बहुतेक रुग्णांची शस्त्रक्रिया सुरक्षितपणे पार पडते.

संरक्षणव्यवस्था आणि दमा

श्वासाबरोबर आलेले जंतू व धूलिकण श्वासनलिकेतील चिकट श्लेष्म्यात अडकतात. सूक्ष्म केसांसारखे रोमक तो श्लेष्मा घशाकडे ढकलतात. त्यातून निसटलेले कण वायुकोशांतील महाभक्षक पेशी गिळंकृत करतात. दम्यात ही प्रतिकारशक्ती परागकण, धूळ यांसारख्या निरुपद्रवी पदार्थांवरही तुटून पडते. इओसिनोफिल पेशी तसेच इंटरल्यूकिन ४, ५ आणि १३ यांमुळे श्वासमार्गाला सूज येते, श्लेष्मा वाढतो आणि नलिका आकुंचन पावतात.

भुलीचे परिणाम

भुलेत खोकला दबतो. भुलीचे वायू, कोरडी हवा व श्वासनलिकेत घातलेली नळी यांमुळे रोमकांची गती मंदावते आणि श्लेष्मा साचतो. फुप्फुसाचा काही भाग मिटतो. दीर्घ शस्त्रक्रियेत महाभक्षक पेशींची जंतू गिळण्याची क्षमता घटते, तर दाह वाढवणाऱ्या द्रव्यांची निर्मिती वाढते. संवेदनशील श्वासमार्गाला नळीचा स्पर्श होताच तो एकाएकी आवळला जाण्याची शक्यता असते.

सर्व औषधांचा परिणाम सारखा नसतो. सेव्होफ्लुरेन व केटामाइन श्वासनलिका सैल करतात, तर डेस्फ्लुरेन श्वासमार्गाला चुरचुरते. प्रोपोफॉलने दिलेल्या भुलेत श्वासनलिका आवळण्याचे प्रमाण तुलनेने कमी आढळते. शक्य असेल तेथे कमरेतून किंवा त्या भागापुरती भूल देऊन नळी टाळता येते.

पूर्वतयारी

दमा, ॲलर्जी आणि चालू औषधे यांची माहिती भूलतज्ज्ञाला आधीच द्यावी. उपाशीपोटी राहण्याची सूचना अन्नपाण्यापुरती असते. त्यामुळे श्वासातून घेण्याचा पंप, डॉक्टरांनी मनाई केली नसल्यास, शस्त्रक्रियेच्या दिवशीही चालू ठेवतात. सर्दी-खोकला किंवा दम्याचा झटका नुकताच येऊन गेला असल्यास तातडीची नसलेली शस्त्रक्रिया काही आठवडे पुढे ढकलतात. अलीकडे स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या असल्यास तेही सांगणे आवश्यक असते, कारण त्यांमुळे शस्त्रक्रियेचा ताण सोसणारी संप्रेरके कमी झालेली असू शकतात.

पालघर परिसर

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात बोईसरलगतच्या तारापूर औद्योगिक क्षेत्राला ९३.६९ गुण मिळाले. हा आकडा हवा, पाणी व जमीन या तिन्हींच्या प्रदूषणाचा एकत्रित निर्देशक आहे. दूषित हवा व क्षोभक वायू यांमुळे दमा बळावतो. त्यामुळे बोईसर-तारापूर पट्ट्यात राहणाऱ्या किंवा मासवणसारख्या गावांतून तेथे कामाला जाणाऱ्या दमेकऱ्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी आपला व्यवसाय आणि कामाच्या ठिकाणची हवा यांचीही माहिती भूलतज्ज्ञाला देणे उपयुक्त ठरते.