कपाटाची आवराआवर : आरंभ कोठून करावा?

‘कपाट’ हा शब्द संस्कृतातून आलेला. त्याचा मूळ अर्थ दाराची फळी. वस्तू ठेवण्याची दारे असलेली जागा हा अर्थ पुढचा. ‘अलमारी’ हा शब्द पोर्तुगिजांबरोबर समुद्रावरून आला आणि हिंदी-गुजरातीत रुळला. सिल्वासाजवळच्या, दमणगंगेकाठच्या अथालमध्ये हे दोन्ही शब्द कानी पडतात, आणि दोन्ही नावांनी दाखविली जाणारी वस्तू बहुधा एकच असते : ते लोखंडी कपाट, ज्याचे दार उघडताच वरच्या खणातील गाठोडे अंगावर येते.

दादरा व नगर हवेलीतील जुन्या वारली घरात कपाट नव्हते. कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या भिंती. भात बांबूच्या कणगीत, मडकी उतरंडीत, उरलेसुरले अन्न शिंक्यावर, नेसूचे वलणीवर. बियाणे चुलीचा धूर लागेल अशा बेताने उंच टांगलेले असे, म्हणजे त्याला कीड लागत नसे. वस्तू थोड्या होत्या म्हणून घर नीटनेटके होते, असे कोणी म्हणेल. ते अर्धेच खरे. त्या घरात प्रत्येक वस्तूची जागा एका प्रश्नावरून ठरत असे : हिचा नाश कशाने होतो? उंदराने होत असेल तर ती लोंबकळती ठेवावी, ओलीने होत असेल तर धुराजवळ. आजच्या कपाटाची आवराआवर करू पाहणाऱ्या गृहिणीने हाच प्रश्न हाताशी ठेवावा.

१९८० नंतर करसवलतींमुळे या भागात कारखाने वाढले, आणि त्यांच्याबरोबर महाराष्ट्र, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून आलेल्या कामगारांची दोन-दोन खोल्यांची बिऱ्हाडे वाढली. अशा बिऱ्हाडात कपाट एकच असते. मुलांचे शाळेचे गणवेश, घरधन्याचा कंपनीचा पोशाख, लग्नातला शालू, रेशनकार्ड, गॅसचे पुस्तक, तापाची औषधे, माहेरची जमिनीची कागदपत्रे. सारे काही एका कुलपाखाली. कुलपांपासून १८९७ मध्ये धंद्यास आरंभ करणाऱ्या गोदरेज कंपनीने १९२३ मध्ये पोलादी कपाटे बनविण्यास सुरुवात केली, तेव्हापासून अशा कपाटाने चोराचा आणि उंदराचा बंदोबस्त चांगला केला. ओलीचा मात्र केला नाही. सिल्वासाच्या परिसरात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. हवेतील सापेक्ष आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली, हवा कोंडली आणि कपाटाची पाठ पावसाने भिजणाऱ्या भिंतीला चिकटलेली असली, की कापडावर व कागदावर बुरशी धरते. म्हणून आवराआवरीचे पहिले काम कपाटाच्या आतले नसून बाहेरचे आहे. कपाट आतल्या भिंतीशी न्यावे; ते शक्य नसेल तर मागे चार बोटे जागा सोडावी आणि वरून एक पट्टी भिंतीला ठोकून ते जखडावे. मूल खणावर पाय देऊन चढले तर मोकळे कपाट पुढे कोसळते.

अलीकडे जपानच्या मारी कोंडो यांच्या पद्धतीचा बराच बोलबाला झाला आहे. त्यांच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर २०१४ मध्ये अमेरिकेत निघाले. घरातील सर्व कपड्यांचा एकच ढीग करावा, एकेक वस्त्र हातात घ्यावे, ते मनाला आनंद देते काय ते पाहावे आणि न देईल तर त्याचा निरोप घ्यावा, असे त्या सांगतात. ढीग पाहून घरात किती साठले आहे हे कळते, हा त्यातील मोठा गुण. परंतु ज्या खोलीत रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारी झोपलेला आहे, तेथे हा ढीग कोठे करावा? आणि जीर्ण लुगडे कोणालाही आनंद देत नाही, तरी त्याची गोधडी होते. वस्तू टाकणे आणि वस्तूचा उपयोग बदलणे यांत फरक आहे.

जपानचीच दुसरी एक रीत अथालच्या पुष्कळ घरांना अधिक ओळखीची असावी. कारखान्यांच्या भिंतींवर ‘फाइव्ह एस’चा फलक असतो : निवड, मांडणी, सफाई, एकसारखेपणा, शिस्त. कोणता पाना कोणत्या खुंटीला टांगावा हे कारखान्यात अचूक जाणणारा गृहस्थ घरी आल्यावर आपला हातरुमाल कोठे आहे हे पत्नीला विचारतो, ही गोष्ट निराळी.

आरंभ एका खणापासून करावा, आणि तोही रोज सकाळी ज्याच्यापायी घाई-गोंधळ उडतो त्या खणापासून. आठवणींच्या वस्तूंना पहिल्या दिवशी हात लावू नये. एक जुने छायाचित्र सापडले की दुपार गेली. खण रिकामा करून बाजेवर मांडावा, कोरड्या फडक्याने पुसावा, दार उघडे ठेवून हवा खेळू द्यावी. मग वाटण्या कराव्यात. आठवड्यात वापरायचे ते एकीकडे, सणासमारंभाचे दुसरीकडे. धाकट्याला होईल ते किंवा कोणाला देता येईल ते तिसरीकडे, आणि उरलेले गोधडीला व पोतेऱ्याला. द्यायचे कपडे धुऊन, बटणे लावून त्याच आठवड्यात द्यावेत, नाहीतर ते गाठोडे पुन्हा कपाटावर चढते. रोजचे कपडे कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत असावेत, जड अंथरुणे तळाशी, औषधे मुलांचा हात पोहोचणार नाही अशी. रेशमी वस्त्र मलमलीत गुंडाळावे व दर तीन-चार महिन्यांनी त्याची घडी मोडून निराळी घालावी. एकाच घडीवर रेशीम विरते.

कागदपत्रांना एक स्वतंत्र खण किंवा झाकणाचा डबा द्यावा, यात काटकसर करू नये. सिल्वासा २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगिजांच्या हातून सुटले, आणि त्या अमदानीतील ‘अल्वारा’ व ‘तेरेम’ या जमीनधारणेच्या पद्धती १९७१ च्या जमीन सुधारणा विनियमाने संपुष्टात आणल्या. त्यामुळे येथील एखाद्या घरात आजोबांचा पोर्तुगीज शिक्क्याचा कागद, १९७१ नंतरचा दस्तऐवज, जातीचा दाखला आणि बाप्तिस्म्याचा किंवा विवाहाचा दाखला हे एकाच पिशवीत सापडू शकतात. आजोबांचा कागद कोणाला वाचता येत नाही, म्हणून तो रद्दीत घालू नये; तो कशाचा आहे ते जाणकाराकडून समजून घेतल्यावर मगच काय ते ठरवावे. जुना कागद प्लॅस्टिकमध्ये वितळवून बंद करण्याची हौसही टाळावी. ते आवरण पुन्हा निघत नाही, आणि आत राहिलेली ओल आतच राहते. टाचण्या गंजतात, रबर वितळून चिकटते, दोन्ही काढावे. कागद उलगडून, कोरड्या कागदी पाकिटात सपाट ठेवावेत, मोबाइलने त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत. कोणता कागद कोणत्या पाकिटात आहे याची यादी दाराच्या आतल्या बाजूस चिकटवली, तर रात्री-अपरात्री दवाखान्यात निघताना आरोग्याचे कार्ड शोधत बसावे लागत नाही.

राहता राहिल्या डांबराच्या गोळ्या. नॅफ्थलीनच्या या गोळ्यांचा वास म्हणजेच स्वच्छता, अशी पुष्कळांची समजूत आहे. हा वास म्हणजे हवेत उडणारे विषारी द्रव्य होय. काही मुलांच्या रक्तात ‘जी-सिक्स-पीडी’ नावाच्या विकराची जन्मतः उणीव असते. पश्चिम भारतातील अनेक आदिवासी समाजांत ती आढळली आहे. अशा तान्ह्याला नॅफ्थलीनमध्ये ठेवलेल्या कपड्यांत गुंडाळले, तर त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते, आणि अंगाला तेल चोळलेले असेल तर हे द्रव्य त्वचेतून अधिक शोषले जाते. आजीने नातवासाठी जपून ठेवलेली जुनी दुपटी पहिल्यांदा बाहेर निघतात ती नेमकी याच वेळी.

खरे पाहता कसरीचे पाखरू लोकर व रेशमावर, आणि त्यातही घामाने किंवा अन्नाच्या डागांनी मळलेल्या वस्त्रावर अंडी घालते. सुती कपड्यांना या गोळ्यांची गरजच नसते. गरम कपडे धुऊन, कडकडीत वाळवून ठेवले की निम्म्याहून अधिक काम झाले. कडुनिंबाची वाळलेली पाने किंवा वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवण्याची जुनी रीत आहे. त्यांचा जोर बेताचाच, म्हणून पुरचुंडी वरचेवर बदलावी लागते. तान्ह्याची दुपटी व टोपडी मात्र निराळ्या, गोळ्या नसलेल्या डब्यात असावीत. आजवर ती गोळ्यांत राहिली असतील, तर वापरण्यापूर्वी गरम पाण्याने धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात वाळवावीत. एखादी गोळी मुलाने तोंडात घातलीच, तर पाकीट बरोबर घेऊन लागलीच दवाखाना गाठावा.