ब्रोकरच्या हाती पैसे सोपवण्याआधी

शेअर बाजारात उतरायचे तर ब्रोकर लागतोच. मात्र ओळखीच्या माणसाने नाव सुचवले एवढ्यावर विश्वास टाकू नये. ब्रोकरची अधिकृत नोंद सर्वांना मोफत पाहता येते आणि ती प्रत्येक गुंतवणूकदाराने पाहावी.

नोंदणी क्रमांक

सेबी या बाजार नियामक संस्थेच्या नोंदणीशिवाय शेअर ब्रोकरचा व्यवसाय करता येत नाही. ब्रोकरचा क्रमांक ‘आयएनझेड’, गुंतवणूक सल्लागाराचा ‘आयएनए’, तर संशोधन विश्लेषकाचा ‘आयएनएच’ या अक्षरांनी सुरू होतो. हा क्रमांक मागून घ्या आणि सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा. भामटे अनेकदा खऱ्या कंपनीचाच क्रमांक वापरतात. म्हणून संपर्कही सेबीच्या यादीत दिलेल्या फोनवर किंवा ईमेलवरच करा.

समोरचा माणूस

तालुक्याच्या गावी आपली गाठ बहुधा ब्रोकरच्या ‘ऑथराइज्ड पर्सन’शी, म्हणजे अधिकृत प्रतिनिधीशी पडते. त्याची नोंद एनएसई किंवा बीएसई या शेअर बाजाराकडे असते. ग्राहकाचे पैसे त्याला स्वतःच्या खात्यात घेता येत नाहीत. ते थेट ब्रोकरच्या खात्यात गेले पाहिजेत. त्याने एनआयएसएम या प्रशिक्षण संस्थेची कोणती परीक्षा दिली आहे आणि प्रमाणपत्राची मुदत संपली आहे का, हेही विचारा.

मागचा इतिहास

नोंदणी म्हणजे सचोटीची हमी नव्हे. हैदराबादची कार्वी स्टॉक ब्रोकिंग नोंदणीकृतच होती. तरीही ग्राहकांचे शेअर गहाण ठेवून तिने कर्ज उचलल्याचे उघड झाले. २२ नोव्हेंबर २०१९ रोजी सेबीने तिला नवे ग्राहक घेण्यास मनाई केली आणि पुढच्या वर्षी एनएसईने तिला डिफॉल्टर ठरवले. त्यामुळे सेबीच्या आदेशांमध्ये ब्रोकरचे नाव शोधा. शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवरील तक्रारींची आकडेवारी आणि डिफॉल्टरांची यादीही पाहा.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी

तिथे फिन्रा या संस्थेच्या ‘ब्रोकरचेक’वर व्यक्तीचे नाव टाकले की तिने कुठे नोकऱ्या केल्या, कोणत्या परीक्षा दिल्या, कोणत्या राज्यांत तिचा परवाना आहे आणि तिच्यावर कोणती कारवाई झाली, हे एकत्र दिसते. भारतात हीच माहिती वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवावी लागते.

शंका आली तर

खात्रीशीर परताव्याचे आश्वासन मिळाले, तर व्यवहार तिथेच थांबवा. ब्रोकरला असे आश्वासन देताच येत नाही. नोंदणीकृत ब्रोकरविरुद्धची तक्रार आधी त्याच्याकडे आणि दाद न मिळाल्यास सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रार संकेतस्थळावर करता येते. नोंदणी नसलेल्या माणसाला दिलेल्या पैशांना शेअर बाजाराच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीचा आधार मिळत नाही. म्हणूनच ही तपासणी पैसे देण्यापूर्वी व्हायला हवी.